लॅपटॉप वापरल्याने मरत नाही

नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, खारघर या पट्ट्यात बारावीनंतर मूल इंजिनिअरिंगला, आर्किटेक्चरला किंवा ॲनिमेशनला गेले की घरात लॅपटॉपचा विषय निघतो आणि कुणीतरी हमखास सांगते, "गेमिंगचा घेऊ नका. जोरात वापरला की दोन वर्षांत जातो." सांगणारा मामा असतो, शेजारचा आयटीतला दादा असतो, कधी दुकानदारच असतो. दुकानदाराच्या तोंडी वाक्य थोडे बदलते. "काका, तीन वर्षं धरून चाला, मग एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू." दोन्ही वाक्यांचा पाया एकच आहे. जास्त वापर म्हणजे लवकर मरण, आणि त्यावर कुणाचा काही इलाज नाही. मला हा पायाच मान्य नाही. तो चुकीचा तर आहेच, शिवाय साध्या नोकरदार घरांना दर दोन-तीन वर्षांनी सत्तर-ऐंशी हजारांच्या खर्चात लोटणारा आहे.

आधी हिशेब मांडू. इंजिनिअरिंगची पदवी चार वर्षांची, आर्किटेक्चरची पाच. "दोन वर्षांत जातो" हे खरे धरले तर एका पदवीला दोन लॅपटॉप लागतील, आर्किटेक्चरला तिसराही. ऐंशी हजारांचे यंत्र दोन वर्षांत गेले तर वर्षाला चाळीस हजार पडले. तेच सहा वर्षे चालले तर वर्षाला साडेतेरा हजारांच्या आत. तळोज्याच्या कारखान्यात पाळ्या करणाऱ्या किंवा पहाटेची हार्बर पकडून मुंबई गाठणाऱ्या पालकासाठी हा फरक फार मोठा आहे. आणि या यंत्रावर मुले नुसती खेळतात असेही नाही. सॉलिडवर्क्स, ब्लेंडर, प्रीमिअर, मशीन लर्निंगचे प्रोजेक्ट, लग्नाच्या व्हिडिओंचे रात्रभर चालणारे रेंडर, या सगळ्याला लागणारे ग्राफिक्स कार्ड आवाक्यातल्या किमतीत मिळते ते गेमिंग लॅपटॉपमध्येच. घर मोठे असेल आणि काम एकाच टेबलावर होणार असेल तर डेस्कटॉप केव्हाही सरस, हे मी आनंदाने मान्य करतो. पण वन बीएचकेत चौघे राहणाऱ्या आणि रोज कॉलेजात काम दाखवायला जाणाऱ्या मुलीला डेस्कटॉपचा सल्ला देऊन उपयोग नाही.

आता मूळ मुद्दा. सतत पूर्ण ताकदीने काम केल्यामुळे चिप दोन वर्षांत मरते का? याचे उत्तर पनवेलमध्येच आहे. इथल्या हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत योट्टा कंपनीचे एनएम-१ हे डेटा सेंटर २०२० साली सुरू झाले. मार्च २०२४मध्ये तिथे एनव्हिडियाच्या एच-१०० जातीच्या चार हजारांहून अधिक ग्राफिक्स चिप दाखल झाल्या. ज्या कंपनीची चिप तुमच्या मुलाच्या लॅपटॉपमध्ये आहे, तिचीच ही थोरली भावंडे. एकेक एच-१०० चिप ७०० वॅटपर्यंत वीज खाते, लॅपटॉपमधली चिप त्या मानाने किरकोळ. अशा चिप विकत घेतल्या जातात त्या रात्रंदिवस राबवण्यासाठीच. जोरात वापरल्याने यंत्र दोन वर्षांत संपत असते तर असल्या धंद्यात कुणी पैसाच घातला नसता. उलट जगभरच्या मोठ्या क्लाउड कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत आपल्या सर्व्हरचे हिशेबातले आयुष्य वाढवले. मायक्रोसॉफ्टने २०२२मध्ये आणि गूगलने २०२३मध्ये ते चारावरून सहा वर्षांवर नेले.

यावर कुणी म्हणेल, चिप मरतातच की. खरे आहे, आणि तो आकडाही लपवण्याचे कारण नाही. मेटा कंपनीने २०२४मध्ये आपले लामा-३ हे मॉडेल १६,३८४ एच-१०० चिपांवर शिकवले, तेव्हा ५४ दिवसांत ४१९ वेळा काम अचानक थांबले. त्यांपैकी १४८ वेळा दोष ग्राफिक्स चिपचा होता आणि ७२ वेळा तिच्या जोडीच्या मेमरीचा. या दोन प्रकारांतला प्रत्येक अडथळा म्हणजे एक चिप कायमची मेली असे वाईटात वाईट धरले, तरी वर्षाला नऊ टक्क्यांच्या आसपास प्रमाण पडते. त्याच गतीने तीन वर्षे गेली तरी चारांतल्या तीन चिप जिवंतच. आणि हे ओझे म्हणजे ७०० वॅट, अखंड, एका क्षणाचीही उसंत न देता. रोज सहा तास खेळणारा किंवा रेंडर लावणारा विद्यार्थी त्याच्या जवळपासही पोहोचत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. डेटा सेंटरमध्ये हवा गाळलेली असते, तापमान बांधलेले असते, ओलावा मोजला जातो, बिघडलेला भाग बदलायला माणसे आणि सुटे भाग तयार असतात. लॅपटॉपला यातले काय मिळते? काहीच नाही, आणि माझे म्हणणे नेमके तेच आहे. फरक वापरात नसून निगराणीत आहे.

लॅपटॉपमधली चिप मरते कशी, हे समजून घेतले की बरेच गैरसमज गळून पडतात. चिप आणि तिच्याखालचा बोर्ड यांना जोडणारे शिशाचे किंवा कथिलाचे हजारो सूक्ष्म टाके असतात. गरम झाल्यावर चिप आणि बोर्ड वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, थंड झाल्यावर आकसतात. या ओढाताणीत टाक्यांना सूक्ष्म तडे जातात. याचा सर्वांत मोठा धडा २००८चा आहे. त्या वर्षी जुलैमध्ये एनव्हिडियाने जाहीर केले की तिच्या आधीच्या पिढीच्या लॅपटॉप चिप नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात बिघडत आहेत, आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली. डेल, एचपी, ॲपल अशा मोठ्या नावांचे लॅपटॉप त्यात सापडले आणि अमेरिकेत ग्राहकांनी केलेल्या सामूहिक दाव्यात २०१०मध्ये तडजोड झाली. दोष चिपच्या वेष्टनात वापरलेल्या सामग्रीचा होता आणि लॅपटॉपमधली उष्णता बाहेर काढण्याची रचना त्याला साथ देत होती. "मुलांनी फार खेळ खेळले" हे कारण तिथे टिकले नाही. आपल्याकडे मात्र तेच कारण आजही बापाच्या तोंडावर फेकले जाते आणि तो मान खाली घालून ऐकून घेतो.

टाक्यांना तडे तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी जातात, म्हणून "अधूनमधून बंद करून विश्रांती द्या" हा लाडका सल्लाही तपासून घ्यावा लागतो. सलग सहा तास रेंडर चालू ठेवणे म्हणजे एकदा तापणे आणि एकदा निवणे. तेच काम सहा वेळा थांबवून, पूर्ण थंड करून पुन्हा सुरू करणे म्हणजे सहा फेऱ्या. त्यात भर म्हणून कधी पंख्याखाली तर कधी गादीवर, कधी एसीत तर कधी मे महिन्याच्या दुपारी गच्चीखालच्या खोलीत. तापमान स्थिर राहिले तर यंत्राला कामाचे ओझे वाटत नाही. तापमान सतत वर-खाली झाले, आणि वर जाताना ते रोज शेवटच्या मर्यादेला टेकले, तर आयुष्य घटते. इंटेल आणि एएमडीचे बहुतेक लॅपटॉप प्रोसेसर ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान स्वतःच वेग कमी करून जीव वाचवतात. लोक या मंदावण्याला "म्हातारा झाला" म्हणतात. बहुतेक वेळा ते म्हातारपण नसते, धूळ असते.

धुळीबद्दल इथे जरा थांबून बोलले पाहिजे, कारण आपण पनवेलमध्ये राहतो. उलव्याची टेकडी फोडून जागा सपाट करण्यापासून नवी मुंबई विमानतळावरून प्रत्यक्ष विमाने उडेपर्यंतची वर्षे या भागाने मातीत काढली. तळोज्याची औद्योगिक वसाहत, खडी वाहणारे डंपर, दर गल्लीत चालू असलेले रिडेव्हलपमेंट यांची धूळ त्यात मिसळते. खिडकीच्या गजांवर दोन दिवसांत जो थर बसतो तोच लॅपटॉपमध्ये जातो, फक्त तो दिसत नाही. पंखा हवा आत ओढतो आणि तांब्या-ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांमधून बाहेर फेकतो. धूळ अडते ती पंखा आणि पात्या यांच्या मधल्या फटीत, आतल्या बाजूला. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते आणि आत हवेचा रस्ता बंद असतो. पावसाळ्यात त्या धुळीला ओल लागते आणि तिचा घट्ट थर बनतो. बाहेरून फुंकर मारून किंवा ब्लोअर लावून तो निघत नाही, उलट आत ढकलला जातो. मागचे झाकण उघडून, पंखा सुटा करून, ब्रशने तो काढावा लागतो. त्याच वेळी चिपवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची. जाणत्या हाताला एक-दीड तासाचे काम, खर्च दीड-दोन हजारांच्या आत. वर्षातून एकदा, पावसाळा संपला की हे करून घेतले तर यंत्र पुन्हा पूर्वीच्या वेगाने चालताना तुम्हाला दिसेल.

स्टेशनबाहेरची रिक्षा रोज दहा-बारा तास धावते, आणि तिचा मालक "फार चालवली म्हणून गेली" असे म्हणत नाही, तो ऑइल बदलतो. लॅपटॉपच्या बाबतीत हीच साधी गोष्ट आपल्याला कुणी सांगितली नाही. विकताना दुकानात बॅग, माऊस, अँटिव्हायरस यांची यादी ऐकवली जाते. "वर्षाने उघडून साफ करून घ्या" हे वाक्य मात्र त्या यादीत मला क्वचितच ऐकायला मिळाले आहे.

ओलाव्याची गोष्ट तर समजाच्या अगदी उलट आहे. "जपून ठेवला की टिकतो" म्हणून परीक्षा संपल्यावर लॅपटॉप कपाटात जातो. जून ते सप्टेंबर कोकणपट्टीच्या हवेत बंद कपाटात बॅगेला बुरशी येते, चामड्याच्या चपलेला येते, आणि बोर्डावरच्या बारीक जोडांवर गंज चढायला तेवढीच ओल पुरते. रोज चालणारे यंत्र स्वतःच्या उष्णतेने कोरडे राहते. कपाटात पडलेल्याची बॅटरी हळूहळू पूर्ण उतरते, आणि लिथियम बॅटरी तळाला जाऊन महिनोन्‌महिने पडून राहिली की बहुधा परत उठत नाही. म्हणजे इथल्या हवेत कमी वापर हा आयुष्य वाढवण्याचा उपाय नाही, काही वेळा तो आयुष्य कमी करतो.

बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, हे बरोबर. गेमिंग लॅपटॉपमध्ये ती आणखी लवकर थकते, कारण यंत्र कायम चार्जरला लावलेले असते आणि गरम असताना शंभर टक्के भरलेले असते. उष्णता आणि पूर्ण चार्ज हे दोन्ही लिथियम बॅटरीचे वैरी. उपाय बहुतेक कंपन्यांनी आपल्या सॉफ्टवेअरमध्ये दिलेलाच आहे: चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय. एकदा चालू करून ठेवायची, बस्स. बॅटरी फुगून टचपॅड वर येऊ लागला तर मात्र त्याच दिवशी वापर बंद करून ती काढून घ्यावी, त्यात चालढकल नको. पण बॅटरी मेली म्हणजे लॅपटॉप मेला असे नव्हे. ती बदलायची वस्तू आहे. तेच हिंजचे, तेच पंख्याचे, तेच अडॅप्टरचे. एसएसडीची भीती तर अगदीच अनाठायी. चांगल्या कंपनीच्या ५०० जीबीच्या एसएसडीला ३०० टेराबाइट लिहिण्याची हमी असते. रोज ५० जीबी लिहिले तरी ती हमी संपायला सोळा वर्षे लागतील, आणि खेळ तर लिहितात कमी, वाचतात जास्त.

मग गेमिंग लॅपटॉप कधीच कालबाह्य होत नाही का? होतो. पण कशाने, ते नीट बघा. २०१७ साली घेतलेल्या, सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपचे ग्राफिक्स आजही पुष्कळ कामे करते. तरी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११च्या मान्यताप्राप्त यादीत सातव्या पिढीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर नाहीत. त्याच सुमारास एनव्हिडियाने त्या पिढीच्या कार्डांना नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर देणे थांबवले, यापुढे फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. यंत्र धडधाकट असताना त्याला कागदोपत्री निवृत्त केले गेले. दुसरे उदाहरण ४ जीबी ग्राफिक्स मेमरीच्या लॅपटॉपांचे. नवे खेळ आणि नवी सॉफ्टवेअर ४ जीबीत मावत नाहीत, आणि ती मेमरी बोर्डावर कायमची जोडलेली असल्याने वाढवता येत नाही. पाच-सहा हजार वाचवण्यासाठी घेतलेले कमी मेमरीचे मॉडेल दोन वर्षे आधी निरुपयोगी ठरते. इथे घेणाऱ्याने सावध राहावे असे मी जरूर म्हणेन. पण या दोन्ही ठिकाणी यंत्र झिजलेले नाही. त्याचा पुढचा रस्ता बनवणाऱ्याने आखडता घेतला.

म्हणूनच दुरुस्तीचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वॉरंटी एक वर्षाची. ती संपल्यावर लॅपटॉप बंद पडला की एकच उत्तर कानी येते, "मदरबोर्ड गेला, पन्नास हजार लागतील, त्यापेक्षा नवीन घ्या." नेमके काय गेले? एखादे कपॅसिटर, एखादा मॉसफेट, चार्जिंगची चिप, की खरोखर ग्राफिक्स चिप? हे तपासून सांगणारे कारागीर आपल्याकडे आहेत. पण त्यांना बोर्डाचे नकाशे मिळत नाहीत, अस्सल सुटे भाग मिळत नाहीत. उरतो तो हीट देऊन चालू करण्याचा मार्ग. आतले टाके तडकलेली चिप गरम केली की काही आठवडे चालते आणि पुन्हा बंद पडते, आणि दोष पुन्हा "फार वापरला" या वाक्यावर ढकलला जातो.

हे असेच असले पाहिजे असा काही नियम नाही. फ्रेमवर्क या कंपनीच्या १६ इंची लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचा भाग मागून काढून नवा बसवता येतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१पासून लॅपटॉपच्या खोक्याजवळ दुरुस्ती-सुलभतेचे गुण दाखवावे लागतात. "स्टिकर फाडले तर वॉरंटी रद्द" अशा धर्तीच्या अटी घालणाऱ्या सहा कंपन्यांना अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एप्रिल २०१८मध्ये नोटिसा दिल्या. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, आणि मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्ती-सुलभतेचा निर्देशांक कसा असावा याचा अहवाल त्याच्या समितीने मे २०२५मध्ये दिला. अहवाल आहे, सक्ती नाही. विक्रेता ज्या वस्तूला दोन-तीन वर्षांचे आयुष्य सांगतो, तिचे सरासरी आयुष्य केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचऱ्याच्या यादीत ५ वर्षे धरलेले आहे. म्हणजे कचरा मोजताना पाच वर्षे आणि जबाबदारी घेताना एक. या दोन आकड्यांमधली चार वर्षे ग्राहकाच्या खिशातून जातात.

माझे मत स्पष्ट आहे. बऱ्यापैकी बांधणीचा, निदान ६ ते ८ जीबी ग्राफिक्स मेमरीचा गेमिंग लॅपटॉप रोजच्या जोरदार वापरात पाच वर्षे सहज चालला पाहिजे, आणि निगा राखली तर सहा-सात. त्याआधी तो गेला तर चौकशी वापरणाऱ्या मुलाची करू नका. उष्णता बाहेर काढायची रचना कशी होती, सर्व्हिसिंग कधी झाले, सुटा भाग का मिळाला नाही, याची करा. पोरांना खेळावरून, रेंडरवरून बोलू नका. त्यांना टर्बो मोड गरजेपुरताच वापरायला, फ्रेमचा वेग ६० वर बांधायला आणि लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवायला सांगा. एवढ्याने तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरू शकते.

आणि विकत घेताना दुकानात चार गोष्टी लेखी मागा: बॅटरी, पंखा आणि स्क्रीन यांची आजची किंमत, हे भाग किती वर्षे मिळतील, साफसफाईसाठी झाकण उघडले तर वॉरंटी राहते का, आणि जादा वॉरंटीत ग्राफिक्स चिप धरली आहे का. उत्तर लेखी मिळाले नाही तर दुसऱ्या दुकानात जा, पनवेलमध्ये दुकानांची कमतरता नाही. वॉरंटीतला दोष "जास्त वापरामुळे" म्हणून नाकारला गेला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि त्यापुढे अलिबागचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथे शुल्क लागत नाही. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते.